पाय आले नाहीत

आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या घाटावर ट्रायपॉड लावून बसलो होतो. समोर गोदावरीवरचा हॅवलॉक रेल्वेपूल. 1900 साली सुरू झालेला, 56 गाळ्यांचा, मद्रासच्या एका गव्हर्नराचं नाव मिरवणारा. सूर्य पलीकडच्या काठावर उतरत होता. कामाची म्हणावीत अशी दहाच मिनिटं होती, आणि त्यातल्या पहिल्याच मिनिटाला मागून आवाज आला.

"फोटू काढायलाव काय?"

काका नांदेडचे निघाले. मी मराठी आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, देव जाणे. मी तर तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

"ही आमचीच गोदावरी बरं का. नांदेडावरूनच येती."

हे अशा थाटात, की सकाळी स्वतःच सोडून आलेत. नांदेड जिल्ह्यात याच नदीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र ही दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात भांडली. काकांना बोलावलं असतं तर एका बैठकीत मिटलं असतं.

"ह्यो गंजका कामून काढायलाव? त्यो कमानीचा बगा की शेजारचा. नवाकोरा."

"काका, हा ऐतिहासिक आहे."

"रेल्वे कुठाय मग?"

"1997 सालीच बंद झाली यावरची."

काकांनी दोन क्षण पुलाकडे श्रद्धांजलीच्या नजरेनं पाहिलं. "मंग त्यो चालता असतानाच काढायचा ना फोटू! आता काय उपेग?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि राग मुख्यतः त्याचाच आहे. घरून निघताना बायको साधारण हेच म्हणाली होती, पण निदान ती फ्रेममध्ये तरी उभी राहत नाही.

काका राहिले. पायऱ्या उतरून थेट पाण्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. "आता आलोच हाव तर आमचा बी एक घ्या. ओ, या हिकडं!" काकू आल्या, पण आधी डोक्यावरचा पदर सारखा करणार, मग पिशवी कुणाकडे द्यायची याचा विचार करणार. पिशवी माझ्याकडे आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात कॅमेरा. "त्यो गंजका मागं येऊ देऊ नका," काकांची सूचना. त्यांना कमानी हव्या होत्या. कमानी दिल्या. तोवर सूर्य गेला.

अडीच किलोमीटरहून लांब पुलाचे माझ्याकडे अडीच गाळे आलेत, तेही काकूंच्या खांद्यामागून, चुकून.

फोटो रात्रीच पाठवला. सकाळी उत्तर आलं, "छान. पण पाय आले नाहीत."

पाय पाण्यात होते, काका.