जमीन फेडरल सरकारची, म्हणून पाणीही त्याचेच?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतल्या पाणीतंट्यांविषयी एक दावा सतत पुढे पाठवला जातो: तिथली वने आणि कुरणे फेडरल (केंद्र) सरकारची, म्हणून त्यांतले पाणीही त्याचेच, पाणी सार्वजनिक असल्याने खासगी जलहक्क ही पशुपालकांनी उठवलेली आवई आहे, शिवाय धरणेही सरकारनेच बांधली. यातला एकही मुद्दा कायद्यापुढे टिकत नाही.

जमिनीबरोबर पाण्याची मालकी येते, हे गृहीतकच चुकीचे आहे. सार्वजनिक जमिनीवरच्या, जलवाहतुकीस अयोग्य असलेल्या प्रवाहांचे पाणी १८७७ च्या डेझर्ट लँड कायद्याने जमिनीपासून वेगळे होऊन राज्यांच्या अखत्यारीत गेले, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये स्पष्ट केले. विशिष्ट हेतूसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रांसाठी, त्या हेतूला लागेल तेवढ्या पाण्यावर फेडरल सरकारचा गर्भित (न लिहिताही मानलेला) हक्क असतो, हे खरे. १९०८ च्या विंटर्स निकालाने माँटानातील फोर्ट बेलनॅपच्या मूलनिवासींना मिल्क नदीचे पाणी त्याच आधारावर मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण न्यू मेक्सिकोतील मिंब्रेस नदीच्या खटल्यात १९७८ मध्ये त्याच न्यायालयाने फेडरल वनखात्याचा असा हक्क लाकूड आणि प्रवाहाचे रक्षण या मूळ हेतूंपुरताच मानला. गुरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी तो नाकारला. आयडाहो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणखी नेमके सांगितले: ओढ्यावर गुरांना पाणी ज्यांनी पाजले, हक्क त्यांचा, केवळ चराईचे परवाने देणाऱ्या सरकारने ते पाणी स्वतः वापरलेलेच नाही.

पाणी सार्वजनिक आहे, हे कोलोरॅडोची १८७६ ची राज्यघटनाच म्हणते. मात्र ते वळवून कारणी लावण्याचा हक्कही तीच घटना देते, आणि हा वापराचा हक्क विकता येतो, वारशाने मिळतो, टंचाईत आधीच्या तारखेच्या हक्कदाराला आधी पाणी देतो.

धरणांचे उत्तर फेडरल सिंचन प्रकल्पांसाठीच्या १९०२ च्या रिक्लेमेशन कायद्याच्या आठव्या कलमातच आहे: पाणीवाटपात राज्याचा कायदा पाळायचा.

खासगी जलहक्कांवर फेडरल अतिक्रमणाची भीती काल्पनिक म्हणणाऱ्यांनी, वनखात्याच्या जमिनीवर परवान्याने चालणाऱ्या स्की (बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या) केंद्रांचे प्रकरण पाहावे. वनखात्याने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये परवान्यात अशी अट घातली की केंद्रांनी स्वखर्चाने मिळवलेले काही जलहक्क मोबदल्याशिवाय सरकारच्या नावे करावेत. २०१२ च्या अखेरीस कोलोरॅडोतील फेडरल न्यायालयाने ती अट रद्द केली, प्रामुख्याने जनतेचे म्हणणे न ऐकता लादल्यामुळे. मालकीच्या प्रश्नावर अंतिम निर्णय झाला नाही. २०१५ च्या निर्देशात खात्याने मालकीचा आग्रह सोडला. अशा अटींना कायमची बंदी घालणारे विधेयक अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने २०१४ मध्ये मंजूर केले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तो आग्रह सोडल्याची हमी एका खात्याच्या निर्देशावर अवलंबून राहिली, आणि निर्देश तेच खाते पुन्हा बदलू शकते.