दहाचे दोन

भाचा हैदराबादला जाताना माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवून गेला. तेव्हापासून लॅपटॉप चालू केला, की 'कुठली सिस्टिम हवी?' असं विचारून तो दहा सेकंद नुसता उभा. फोनवर सहज कुरकुर केली, तर म्हणाला, "सोपंय मामा. ग्रब नावाची फाइल आहे, तिच्यातली एकच ओळ बदलायचीये. दहाचे दोन करा."

दहाचे दोन! उभी नोकरी आकडे खोडून शेजारी बारीक सही मारण्यात गेली माझी. म्हटलं, सांग.

त्याने सांगितलेलं टर्मिनलमध्ये टाइप केलं आणि व्हीआय नावाचं फाइल दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उघडलं. माउसला तिथे कोणी विचारत नाही. दहाच्या आकड्यापर्यंत कसाबसा पोचलो नि दोन दाबलं. पडदा ढिम्म. आधी पुसावं लागत असेल, म्हणून डिलीटचा डी दाबला. ढिम्म. पुन्हा दाबला, तर त्या ओळीसकट खालचीही गडप! व्हीआयमध्ये सुरुवातीला कीबोर्ड लिहिण्यासाठी नसतोच, हुकूम सोडण्यासाठी असतो. 'डीडी' म्हणजे ओळ उडव. आणि अगोदरचं दोन म्हणजे 'दोन उडव'. माझं दोन त्याने निमूट लक्षात ठेवलं होतं.

भाच्याने यू दाबायला लावून ओळी परत आणल्या आणि वर बौद्धिक घेतलं. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत हे लिहायला घेतलं, तेव्हा त्याचा मोडेम सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं आणायचा. म्हणून एकेका अक्षरात हुकूम. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या, एच, जे, के, एल यांवरच बाण छापलेले. म्हणून आजही या चार कळांनी फिरता येतं. ऐकायला छान वाटलं. पण माझ्या कीबोर्डावर बाण आहेत, हे व्हीआयला कोणी कळवलेलं दिसत नाही. लिहिता लिहिता बाण दाबले, तर पडद्यावर ए, बी, सी, डी उमटली. या वयात पुन्हा!

एक्सने दहा पुसले, आयने आत शिरलो, दोन लिहिलं. आता बाहेर. भाचा म्हणाला, "कोलन, डब्ल्यू, क्यू." त्याआधी एस्केप दाबायचं असतं, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. त्यात मधेच हिच्या भावाला मराठीत उत्तर पाठवलेलं, त्यामुळे कीबोर्ड मराठीवरच. फाइलीत उमटलं: छैौ. इन्स्क्रिप्टमध्ये त्या तीन कळांवर तेच आहे. माझ्याही तोंडून साधारण असंच काहीतरी निघालं होतं.

ते निस्तरून, इंग्रजीत येऊन पुन्हा हुकूम सोडला. उत्तर आलं, फाइल फक्त वाचण्यासाठी आहे, हवं तर उद्गारचिन्ह लावा. लावलं. तर म्हणे, लिहिण्यासाठी फाइल उघडता येत नाही! पलीकडून आवाज आला, "मामा, सुरुवातीला सुडो लावलं होतं ना?" म्हणजे एवढा वेळ मी साहेबांच्या मंजुरीशिवाय फाइल हाताळत होतो. सगळं टाकून बाहेर पडायचं तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. व्हिममधून (व्हीआयचाच सुधारलेला अवतार) बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर दहा लाखांहून जास्त डेव्हलपरांनी येऊन पाहिला, असं त्या साइटने २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. ही शिकलेली मंडळी.

भाचा मीटिंगला गेला आणि मी नॅनो नावाच्या दुसऱ्या तसल्याच सॉफ्टवेअरकडे वळलो. (त्याच्या लेखी नॅनो म्हणजे बालवाडी.) सज्जन प्रकरण. दोन दाबलं की दोन उमटतं, आणि बाहेरची वाट तळाशी लिहिलेली असते: टोपी घातलेला एक्स. टोपी म्हणजे कंट्रोल, एवढं कळलं की झालं. बाहेर पडताना त्याने अदबीने विचारलं, बदल जतन करू? मीही पूर्ण शब्दात उत्तर दिलं, वाय, ई, एस, एंटर. मग विचारलं, वेगळ्या नावाने ठेवू? इतकं विचारतोय बिचारा, म्हणून पुन्हा हो.

त्याला पहिल्या वायमध्येच सगळं कळलं होतं. उरलेलं ईएस त्याने फाइलीच्या नावाला जोडलं. ग्रबमध्ये दहाचे दहाच. शेजारी नवी कोरी फाइल, तिच्यात दोन.

रात्री भाच्याने फोटो मागवला आणि विचारलं, "मामा, हे ग्रबेस कोण?"

म्हटलं, "गोव्याचे असावेत."