भाकर थापणं कुठल्याच स्केलमध्ये नाहीये

गेल्या आठवड्यात अमळनेरला फुईकडे दोन दिवस राहून आले (फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे फुईच म्हणतात), तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. आज सेमिनार पुढे ढकलला गेला म्हणून बसलेय. लांब झालंय पण ज्यांच्या घरी पॅरालिसिसचं माणूस आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी मुंबईत एका सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करतेय. गावाकडे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे फिजिओ ना? नाही हो, फिजिओ वेगळं. सरकारी मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या शब्दाने अजूनच घोळ होतो, व्यवसाय म्हटलं की माणसाला धंदाच आठवतो, एका काकांनी मला अगदी मनापासून विचारलं होतं की पेशंटला नोकरी लावून देता का तुम्ही. ऑक्युपेशन म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून जे जे करतो ते सगळं, तोंड धुणं, साडी नेसणं, कापूस वेचणं, नातवाला भरवणं, मोटारसायकलवर डेअरीला दूध घालणं. आजाराने किंवा अपघाताने यातलं जे तुटलं ते माणसाला परत करता यावं यासाठी आम्ही काम करतो, कधी हात तयार करून, कधी करायची पद्धत बदलून, कधी वस्तूच बदलून. आणि हे काही कालपरवा आलेलं नाहीये, मूळच्या अमेरिकेतल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईत केईएममध्ये भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली आणि माझ्या गावात अजून हा शब्द पोचलेला नाही.

मास्टर्सचा दिवस कसा असतो ते थोडक्यात सांगते. सकाळी ओपीडी, मधेच वॉर्डातून रेफरन्स येतात, दुपारी यूजीच्या (पदवीच्या) पोरांची बॅच नाहीतर जर्नल क्लब, रात्री हॉस्टेलवर थिसिस. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, पेशंटसाठी मराठीत संमतीपत्र, आणि इतकं सगळं करून हातात आलेला पेशंट तिसऱ्या फॉलोअपनंतर येत नाही कारण त्याचं गाव लांब आणि सोबत आणणाऱ्या माणसाची रोजी बुडते. त्याच्यावर मी कधीच चिडत नाही, मी त्याच रस्त्याने येते जाते.

पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगते, तिथूनच हे सगळं सुरू झालं. स्ट्रोकच्या, म्हणजे लकवा मारलेल्या एका बाईंची केस मी प्रेझेंट केली. स्नायूंचा ताठरपणा किती, अ‍ॅशवर्थ एक प्लस, ब्रुनस्ट्रॉम स्टेज तीन (हात सुधारण्याच्या कुठल्या पायरीवर आहे ते), सांधे किती अंश हलतात, सगळं पाठ होतं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या बाई आजारी पडायच्या आधी दिवसभर काय करायच्या? मला माहीतच नव्हतं. चार दिवस त्यांचा हात मी माझ्या हातात धरत होते आणि त्या हाताने काय काम केलंय आयुष्यभर, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी जे वाटलं ते अजून विसरले नाहीये.

मग यंदा होळीच्या आधी फुईलाच स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. आठ दिवस एका खाजगी दवाखान्यात होती, जीव वाचला, त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण घरी सोडताना काय दिलं तर गोळ्या, हातात एक रबरी बॉल आणि "दाबत रहा, होईल हळूहळू". मी सुट्टी काढून खान्देश एक्सप्रेसने पोचले तोवर घरातल्यांनी तिला खाटेवरून उठवताना रोज त्याच लुळ्या हाताला धरून ओढलं होतं, बिचाऱ्यांनी प्रेमानेच, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खांद्याच्या हाडाखाली हात लावून बघितलं तर माझं एक बोट सहज मावेल इतकी खाच पडलेली. स्नायू ढिले असताना हाताचं वजन आणि वरून ओढणं, त्याने सांधा खाली उतरतो आणि मग जी कळ सुरू होते तिने माणूस व्यायामच करू देत नाही. आणि बॉल, स्ट्रोकनंतर बोटं आधीच आत मिटायला बघत असतात, फुईची तर मूठ वळायला लागलीच होती, तिला उघडणं शिकवायची गरज होती आणि ती दिवसभर मिटायची प्रॅक्टिस करत होती.

आता स्केलचं सांगते, म्हणजे पेशंटला काय किती जमतं ते मार्कांत मोजायची पद्धत. स्ट्रोकच्या पेशंटला आम्ही बार्थेल इंडेक्स लावतो, 1965 सालचा आहे, जगभर वापरतात, दहा गोष्टी आणि 100 मार्क. खाणं, आंघोळ, कपडे, संडास, जिना वगैरे. चांगलं स्केल आहे, मी रोज वापरते. पण त्यात 100 पैकी 100 पडलेली बाई स्वयंपाकघरात पाऊल न टाकता खाटेवर बसून असू शकते, कारण रांधणं त्यात नाहीच. कपडे आहेत पण नऊवारी नेसायला हात आणि तोल किती लागतो हे त्या आकड्यात कुठे दिसणार. पुस्तकातलं किचन उभ्याचं, ओव्हनचं. आमच्या बाया चुलीपुढे एक गुडघा वर करून बसतात.

दुसरं एक आहे, सीओपीएम, कॅनडाचं, 1991 साली आलं. त्यात पेशंटलाच विचारायचं की तुला काय करता यायला हवं, ते किती महत्त्वाचं, आत्ता किती जमतं, त्यावर किती समाधान आहे, दहापैकी तूच मार्क दे. मी फुईला विचारलं, काय जोयजे (पाहिजे) तुले? मला वाटलेलं चमच्याने जेवणं म्हणेल. ती म्हणाली, "चमचा कोन वापरस वं आपलाकडे? माले भाकर थापता येवाले जोयजे." महत्त्व दहा. जमतं किती, एक.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी वहीत भाकरीची अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस लिहून काढली, चार पानं झाली. पीठ मळताना तळहात पूर्ण उघडा, मनगट मागे, आणि खांद्यापासून अख्खं वजन हाताच्या टाचेवर येतं. मिटलेला हात उघडायला, ताठरपणा कमी करायला आम्ही डिपार्टमेंटमध्ये प्लिंथवर (व्यायामाच्या बाकावर) बसवून जे वजन द्यायला लावतो ते हेच की! आणि थापताना बोटं सरळ, पंजा सपाट, हलका मार आणि त्याच वेळी भाकर परातीत फिरवायची, दोन्ही हातांचा मेळ, डोळ्यांचा अंदाज. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर ही अख्खी थेरपी आहे आणि ती आमच्या प्रत्येक घरात परातीत पडलेली आहे.

आधी खांदा बघितला. झोपताना, बसताना हाताखाली उशी, ओढणं बंद, वहिनीला दोन वेळा करून दाखवलं. रात्री हात उघडा रहावा म्हणून थर्मोप्लास्टिकचा स्प्लिंट (हाताला आधाराची पट्टी) मी इथून करून नेला, शीट गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवतात. मग पीठ. सुरुवातीला खुर्चीत बसून, समोर टेबल, परात सरकू नये म्हणून खाली ओला पंचा, आणि तिचा उजवा हात खाली, डावा त्याच्यावर. थापायचं नाही, नुसतं मळायचं, रोज अर्धा तास. वहिनी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची आणि मी इकडून बघायचे. उलथण्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली म्हणजे पकडता येईल. तव्याजवळ मात्र मी तिला अजून जाऊ देत नाही, त्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, पोळलं तरी समजणार नाही, यावरून ती माझ्यावर रुसून बसली होती एक दिवस.

गेल्या आठवड्यात, कानबाईचा सण होऊन गेल्यावर, ती खाली बसली, पाट घेऊन, आणि माझ्यासमोर थापली. उजव्या हाताची करंगळी अजून आत वळते, एका बाजूला भाकर जाड राहिली आणि वहिनी तव्यावर टाकायला उचलायला गेली तर कडेला फाटली. मी सीओपीएमचा कागद काढला, म्हटलं फुई आता किती मार्क, मी तर सात लिहिते. तर म्हणाली, "सहाच लिख, भाकर फाटनी."

फुईला मी होते. तिच्याच गल्लीत अजून एक आजोबा आहेत, त्यांची मूठ आता पूर्ण बंद झालीय, तीन वर्षं झाली, नखं तळव्यात रुततात. स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात जोरात होते, पुढेही होते पण तितकी पटकन नाही, आणि तेच महिने आमच्याकडे अंगारे धुपारे, मालिशवाला आणि बॉलमध्ये जातात. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये बोटं गेलेली पोरं बघा, टाके चांगले पडतात पण शिवलेली नस (टेंडन, बोट हलवणारी दोरी) योग्य वेळी, योग्य तेवढी हलवली नाही तर चिकटते आणि बोट कायमचं वाकडं. हे सगळं मुंबईला येऊन कसं होणार? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे ऑक्युपेशनल थेरपीचा वेगळा, रोज पूर्ण चालणारा विभाग हवा आणि तालुक्याच्या हॉस्पिटलला आठवड्यातून एक दिवस तरी थेरपिस्ट यायला हवा, ही माझी मागणी आहे आणि मी ती जमेल तिथे मांडत राहणार. बॅचमधले बरेच जण बाहेरदेशी जायची परीक्षा देतायत, त्यांना मी नावं ठेवत नाही, इथे पदंच निघाली नाहीत तर पोरं काय करतील. मला मात्र अमळनेरलाच यायचंय.

गणपतीत चार दिवस गावी आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा भागात कोणाच्या घरी स्ट्रोकचा पेशंट असेल तर मेसेज करा, येऊन बघून जाईन, पैसे नकोत. तोवर लुळ्या हाताला धरून उठवू नका, कमरेला आधार द्या, हाताखाली उशी ठेवा आणि तो बॉल काढून घ्या.