जलरंग इंग्रजांनी आणले म्हणता? आधी औंधला जाऊन या

‘वॉटरकलर ही इंग्रजांची देणगी. आपल्याकडे त्याचा इतिहासच नाही, तो बघायचा तर लंडन गाठा. तसंही जलरंग म्हणजे ऑइलआधीचा सराव, आणि ती चित्रं टिकतही नाहीत.’ हा मजकूर सध्या साताऱ्यात चित्रकलेच्या ग्रुपांवर फिरतोय. ड्रॉइंगचे शिक्षकसुद्धा तो मुलांना पाठवतात, म्हणून हे उत्तर.

आधी ती ‘देणगी’. रंग डिंकात घोटायचा, पाण्यानं पातळ करायचा, कागदावर लावायचा, हाच जलरंग. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये औंधला यमाईच्या डोंगरावर उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथली लघुचित्रं, म्हणजे कागदावरची जुनी, लहान आकाराची बारीक कामाची चित्रं, कशात रंगवलीत? जलरंगातच, फक्त अपारदर्शक. लघुचित्र कधी बाजूनं, तिरक्या उजेडात बघा. गळ्यातल्या माळेचा एकेक मोती म्हणजे दाट पांढऱ्याचा ठिपका असतो, कागदावर उठून आलेला. इंग्रजी पद्धतीत पांढरा बहुधा लावत नाहीत, तिथे कागद कोरा सोडतात. इंग्रजांनी ही पारदर्शक पद्धत फार उंचीवर नेली. रीव्ह्ज या इंग्रज रंगकर्त्याच्या पाण्यात विरघळणाऱ्या रंगवड्या १७८० च्या सुमारास आल्या, १८०४ मध्ये लंडनच्या जलरंगकारांनी स्वतःची संस्था काढली. ते श्रेय त्यांचंच. पण पद्धत आणि माध्यम एक नव्हे.

दोन्ही पद्धती आपल्याकडे भेटल्याही. १७९० च्या दशकात पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी चितारत होते. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यांनी काढलाय. ती चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

लंडनला जरूर जा. पण कागदावरची चित्रं तिथेही बारा महिने भिंतीवर नसतात. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातली बरीचशी आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत पाहावी लागतात.

सराव म्हणाल, तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीवर आडोशाला धरलेल्या हाताच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो. अनेकजण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. आहे ते कागदावरचं जलरंगचित्र. ऑइलमध्ये चुकलं की वरून रंग चढवता येतो. इथे एकदा मळलेला उजेड परत मिळत नाही.

राहिलं टिकणं. जर्मन चित्रकार ड्यूररनं जलरंगात काढलेला ससा १५०२ चा, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात अजून शाबूत आहे. जलरंगाचा थर अगदी पातळ असतो, म्हणून प्रखर उजेडात त्यातले काही रंग लवकर विटतात. म्हणूनच संग्रहालयं अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात. आपली कितीतरी लघुचित्रं बस्त्यात बांधून अंधारात राहिली आणि त्यांचे रंग अजून ताजे आहेत. घरातलं चित्र खिडकीसमोर उन्हात टांगायचं आणि ते विटलं की जलरंगाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय?