निदान लोकलचा पास तरी द्या
‘फॅशनमध्ये इंटर्नला पगार नसला तरी शिकायला भरपूर मिळतं’ हे तुमच्या इंटर्नशिपवरच्या लेखातलं म्हणणं अर्धंच खरं आहे. माझी भाची लोअर परळला एका डिझायनरकडे होती. मंगलदास मार्केटातून अस्तराचे नमुने, भुलेश्वरहून लेस नि बटणं आणायची, परत आली की कपड्यांना इस्त्री. कटिंगच्या टेबलापाशी कुणी उभं केलं नाही. शिकवलं ते जरदोजीच्या (जरीच्या भरतकामाच्या) कारागिरांनी. अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, कापड किती ताणायचं, आरी, म्हणजे आकड्याची सुई, खालचा दोरा कशी वर ओढते, हे जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून पाहिलं म्हणून कळलं. असंच चाललं तर हे क्षेत्र फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना परवडेल. डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीला पासाचे आणि जेवणाचे पैसे द्यायला काय हरकत आहे?