एक्सेलचा आलेख छापण्याजोगा नसतो? एकेक दावा तपासू

"एक्सेलमध्ये काढलेला आलेख शोधनिबंधात देऊ नका" हा सल्ला संशोधकांच्या गटांत सतत फिरत असतो. सोबत कारणेही ठरलेली असतात: संपादक असा आलेख परत पाठवतात, तो बघताक्षणी ओळखू येतो, त्याचे रिझोल्यूशन पुरत नाही, लॉग अक्ष (दर टप्प्याला दहापट वाढणारा) आणि बॉक्स प्लॉट (आकड्यांचा पसारा पेटीने दाखवणारा आलेख) त्यात जमत नाहीत, एरर बार (अनिश्चितता दाखवणाऱ्या दांड्या) चुकतात, तोच आलेख पुन्हा काढता येत नाही. म्हणून पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा शिका. यातली काही कारणे निव्वळ ऐकीव आहेत, काही अर्धी खरी आहेत. आणि स्प्रेडशीट खरोखर जिथे फसवते, त्या जागेचा या यादीत उल्लेखच नाही.

"संपादक परत पाठवतात"

नियतकालिके आकृतीची रुंदी, अक्षरांचा आकार आणि फाइलचा प्रकार तपासतात. 'नेचर'ला छापील पानाच्या एका स्तंभाची आकृती ८९ मिमी रुंद लागते, दोन स्तंभांची १८३ मिमी, आणि अक्षरे ५ ते ७ पॉइंटची. एल्सव्हियर या प्रकाशकाची मापे ९०, १४० आणि १९० मिमी आहेत. एल्सव्हियरच्या सूचना तर वर्ड, पॉवरपॉइंट किंवा एक्सेलमध्ये केलेली आकृती मूळ फाइलच्या स्वरूपातही चालते असे सांगतात. आकृती परत येते ती मापात बसत नाही म्हणून, आणि पायथनच्या मॅटप्लॉटलिब या साधनात काढलेली आकृतीही त्याच कारणाने परत येते.

माप कुठे बिघडते ते पाहा. एक्सेलचा नवा आलेख १२.७ सेंमी रुंद आणि ७.६२ सेंमी उंच असतो, अक्षरे बहुतेक ९ पॉइंटची. काम सोपे व्हावे म्हणून माणूस तो कोपऱ्याला धरून २५ सेंमीपर्यंत ताणतो. छापताना तोच आलेख ८.९ सेंमीत बसवला की अक्षरे ३.२ पॉइंटवर येतात आणि वाचता येत नाहीत. म्हणून रुंदी सर्वांत आधी ठरवावी: आलेखावर क्लिक करून फॉरमॅट टॅबच्या उजव्या टोकाच्या चौकटीत रुंदी ८.९ आणि उंची ६ ते ६.५ सेंमी लिहावी. लहान दिसत असेल तर शीटचा झूम २०० टक्के करावा, आलेखाला हात लावू नये. मग प्रॉपर्टीजमध्ये "डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स" निवडावे. नाहीतर शेजारचा कॉलम रुंद केला की आलेखही ताणला जातो आणि ते लक्षातही येत नाही.

"बघताक्षणी ओळखू येतो"

हे खरे आहे. पण ओळखू येतात त्या न बदललेल्या सेटिंग्ज: २०१३ ते २०२२ च्या ऑफिसमधली निळा-नारिंगी-राखाडी रंगसंगती, करड्या ग्रिडलाइन, करडी अक्षरे, वर मधोमध शीर्षक, आलेखाभोवती चौकट, २.२५ पॉइंट जाड रेषा, आणि स्तंभांमध्ये स्तंभांच्या दुपटीहून जास्त मोकळी जागा. ही जागा गॅप विड्थमध्ये २१९ टक्के अशी नोंदलेली सापडेल.

दुरुस्तीला दहा मिनिटे पुरतात. शीर्षक काढा, ते आकृतीखालच्या ओळीत जाते. चौकट आणि ग्रिडलाइन काढा. सगळी अक्षरे एरियल, ७ पॉइंट, काळी करा. पूर्ण आलेख निवडून होम टॅबमधून हे एकदम होते. अक्षाची रेषा काळी, ०.५ ते ०.७५ पॉइंट. टिक मार्क बऱ्याचदा बंदच असतात, ते "आउटसाइड" करा. डेटाची रेषा १ ते १.२५ पॉइंट, गॅप विड्थ ५० ते ८० टक्के. तीन-चार रेषा असतील तर लेजंड (कुठली रेषा कशाची हे सांगणारी चौकट) पुसून प्रत्येक रेषेच्या शेवटच्या बिंदूवरच नाव द्या. त्यासाठी त्या बिंदूवर दोनदा सावकाश क्लिक करायचे, डेटा लेबल घ्यायचे आणि त्यात व्हॅल्यूऐवजी सिरीज नेम निवडायचे. वाचकाची नजर रेषा आणि लेजंड यांच्यात येरझाऱ्या घालत नाही, आणि कृष्णधवल छपाईतही आलेख वाचता येतो.

रंगांसाठी ओकाबे-इतो संच घ्यावा, तो रंगांधळेपणा लक्षात घेऊनच बनवलेला आहे. 'मोअर कलर्स'मध्ये लाल-हिरवा-निळा या क्रमाने आकडे भरा: निळा ०, ११४, १७८, शेंदरी २१३, ९४, ०, हिरवा ०, १५८, ११५, नारिंगी २३०, १५९, ०. एकदा मनासारखे जमले की आलेखावर राइट क्लिक करून "सेव्ह ॲज टेम्प्लेट". पुढचा आलेख त्याच वेशात येतो, माप मात्र दर वेळी पुन्हा तपासावे.

"रिझोल्यूशन पुरत नाही"

एक्सेलमधला आलेख मुळात व्हेक्टर असतो, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या वर्णनाने साठवलेला, कितीही मोठा केला तरी न फाटणारा. त्याचे पिक्सेल होतात ते आपण स्क्रीनशॉट घेतो किंवा पीएनजी म्हणून साठवतो तेव्हा. ८९ मिमीसाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १०५१ पिक्सेल रुंदी लागते आणि ६०० डीपीआयला २१०२. पडद्याच्या ९६ डीपीआयने तेवढ्याच रुंदीत जेमतेम ३३६ पिक्सेल मिळतात. मग कुणी ती फाइल फोटो संपादकात उघडून डीपीआयच्या रकान्यात ३०० लिहितो. त्याने एकतर नुसती नोंद बदलते, नाहीतर तेच पिक्सेल फुगवले जातात. नवा तपशील कुठूनच येत नाही. जेपीईजी तर टाळावेच, अक्षरांच्या कडांना धूसर ठिपके चिकटतात.

योग्य वाट पीडीएफची, पण तिच्यात एक खड्डा आहे. आलेख निवडलेला असताना पीडीएफ केली तर एक्सेल तो पूर्ण पानभर फुगवते आणि आधी ठरवलेले माप वाया जाते. दोन उपाय आहेत. एक, आलेखाबाहेरच्या सेलवर क्लिक करा, आलेखामागच्या सेल निवडून प्रिंट एरिया ठरवा, स्केलिंग "नो स्केलिंग" ठेवा आणि मग पीडीएफ करा. भोवतालचा कोरा कागद नंतर कापता येतो. दुसरा जास्त सुटसुटीत: पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचे माप ८.९ बाय ६.५ सेंमी करा, आलेख तिथे चिकटवा आणि स्लाइडची पीडीएफ करा. चिकटवताना "कीप सोर्स फॉरमॅटिंग" निवडावे, नाहीतर स्लाइडची थीम रंग आणि फॉन्ट बदलून टाकते. "एम्बेड वर्कबुक" मात्र विचार करून निवडा. त्याने एका आलेखाबरोबर अख्खी वर्कबुक, बाकीच्या सगळ्या शीटसह, त्या फाइलमध्ये जाते. रुग्णांची नावे दुसऱ्या शीटवर असतील तर तीही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये "सेव्ह ॲज पिक्चर"मधून एसव्हीजी ही व्हेक्टर फाइल मिळते. गुगल शीट्समध्ये आलेखाच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही आहेत. लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये "एक्सपोर्ट ॲज इमेज"मधून एसव्हीजी निघते. फाइल खरेच व्हेक्टर आहे का, हे ८०० टक्के झूम करून बघावे: अक्षरांच्या कडा गुळगुळीत राहिल्या तर आहे.

एक उणीव खरी आहे. एक्सेल रंग फक्त आरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत) ठेवते, त्यामुळे कुणी सीएमवायके (छपाईची रंगपद्धत) मागितले तर शेवटचे रूपांतर दुसऱ्या एखाद्या साधनात करावे लागते.

"एरर बार चुकतात"

बटण दाबून काढले तर चुकतातच, आणि हा मुद्दा सल्ला देणाऱ्यांनी अजून जोरात मांडायला हवा होता. समजा तीन गटांच्या सरासऱ्या १२, १८ आणि ३० आहेत आणि प्रत्येक गटात ६ नमुने. एरर बारच्या यादीत "स्टँडर्ड एरर" निवडले की एक्सेल मांडलेल्या त्या तीन सरासऱ्यांवरूनच एक आकडा काढते आणि तिन्ही स्तंभांवर सारख्या लांबीची दांडी लावते. गटातल्या सहा मोजमापांची त्याला गंधवार्ता नसते. ती आलेखात नाहीतच. आलेख दिसतो सुरेख, आणि त्यातली दांडी निरर्थक असते. कुठल्याही आलेखात सगळ्या दांड्या अगदी सारख्या दिसल्या की हाच संशय आधी घ्यावा.

बरोबर रीत अशी. शीटमध्ये प्रत्येक गटासाठी प्रमाण विचलन एसटीडीईव्ही.एस ने काढा (शेवटी 'पी' असलेले सूत्र नको, ते नमुन्यासाठी नव्हे तर पूर्ण समष्टीसाठी आहे). त्याला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागा, की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. विचलने १.२, १.९ आणि ४.५ असतील तर ६ नमुन्यांवर प्रमाण त्रुटी ०.४९, ०.७८ आणि १.८४ येते. आता एरर बारच्या पर्यायांत "कस्टम", "स्पेसिफाय व्हॅल्यू", आणि धन-ऋण दोन्ही चौकटींत हीच रेंज द्या. चौकटीत आधीपासून महिरपी कंसात १ लिहिलेला असतो, तो पुसून मगच रेंज निवडावी, नाहीतर सूत्र चुकल्याचा संदेश येतो. ९५ टक्के विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) हवे असेल तर कॉन्फिडन्स.टी हे सूत्र थेट अर्धी रुंदी देते. स्कॅटर आलेखात एरर बार आडवे-उभे दोन्ही येतात; आडवे निवडून डिलीट करा. आणि दांडी प्रमाण विचलनाची, त्रुटीची की विश्वासांतराची, हे आकृतीखाली लिहिले नाही तर इतका खटाटोप फुकट.

"लॉग अक्ष, बॉक्स प्लॉट जमत नाहीत"

लॉग अक्षासाठी फॉरमॅट ॲक्सिसमध्ये एक खूण करायची असते. अडचण पुढे येते: १ पेक्षा लहान किमती असतील तर आडवा अक्ष १ वर, म्हणजे आलेखाच्या मधोमध येऊन बसतो. उभ्या अक्षाच्या पर्यायांत "हॉरिझॉन्टल ॲक्सिस क्रॉसेस"खालच्या "ॲक्सिस व्हॅल्यू"मध्ये सर्वांत लहान मर्यादा, जसे ०.००१, लिहिली की तो तळाशी जातो. शून्य आणि ऋण किमती लॉग अक्षावर मांडताच येत नाहीत, ते गणिताचे बंधन आहे.

बॉक्स प्लॉट एक्सेल २०१६ पासून आहे. तो इतर प्रकारांशी जोडता येत नाही, ही तक्रार रास्त. पण पेटीच्या कडा ठरवणाऱ्या चतुर्थकांची पद्धत बघायला बहुतेक जण विसरतात. मूळ सेटिंग "एक्स्क्लुझिव्ह" असते. १ ते ९ या नऊ आकड्यांवर तिने पेटी २.५ ते ७.५ येते, "इन्क्लुझिव्ह"ने ३ ते ७. नमुने थोडे असतील तर एवढ्याने पेटीची उंची नजरेत भरण्याइतकी बदलते.

थोड्या नमुन्यांसाठी पेटीपेक्षा सुटे बिंदू दाखवणे चांगले. स्कॅटर घ्या आणि आडव्या किमतीसाठी गटक्रमांकात (रँड() − ०.५) × ०.३ मिळवा, म्हणजे बिंदू एकमेकांवर चढत नाहीत. तो कॉलम लगेच पेस्ट व्हॅल्यूजने गोठवावा, नाहीतर प्रत्येक बदलाबरोबर बिंदू जागा बदलतात.

व्हायोलिन प्लॉट, घनता-वक्र किंवा लाखभर बिंदूंचा आलेख हवा असेल तर मात्र आरकडेच जावे.

यादीत नसलेला धोका

"लाइन" आणि "स्कॅटर" हे दोन प्रकार दिसायला जुळे, पण लाइन आलेख आडव्या अक्षावरच्या आकड्यांना नुसती नावे समजतो आणि समान अंतरावर मांडतो. औषधाच्या १, २, ५, १०, ५० या मात्रा त्यात सारख्या अंतरावर बसतात आणि वक्राचा आकारच खोटा होतो. १९९०, २०००, २०१०, २०१५ यांचेही तेच. त्यावर ट्रेंडलाइन काढली तर समीकरणात ही वर्षे १, २, ३, ४ म्हणून धरली जातात, म्हणजे उतार दर वर्षाचा नसून दर टप्प्याचा असतो. तो आकडा बिनदिक्कत मजकुरात उतरवला जातो. आडव्या अक्षावर मोजमाप असेल तर स्कॅटरच घ्यावा. त्यातही एक काळजी: आडव्या किमतींच्या रेंजमध्ये एखाद्या सेलमध्ये "नाही" किंवा नुसती स्पेस राहिली तर एक्सेल सगळ्याच आडव्या किमती टाकून देऊन १, २, ३ धरते.

"स्मूद लाइन" घेऊ नये. ती बिंदू जोडताना वर-खाली उसळते आणि जिथे काहीच मोजलेले नाही तिथे शिखर दाखवते, कधी शून्याच्याही खाली उतरते. गाळलेल्या नोंदींसाठी सूत्रातून रिकामे अवतरण परत करू नये. तो मजकूर ठरतो आणि उभ्या अक्षावर शून्य म्हणून उमटतो. त्याऐवजी एनए() वापरावे. ट्रेंडलाइनचे समीकरण दुसरीकडे वापरायचे असेल तर लेबलच्या नंबर फॉरमॅटमध्ये सायंटिफिक आणि निदान ६ दशांश घ्या. घन किंवा वरच्या घाताच्या बहुपदीत पडद्यावरचे दशांश कापलेले सहगुणक परत घालून पाहिले तर उत्तर भलतेच येते.

"तोच आलेख पुन्हा काढता येत नाही"

चाळीस आलेख दर महिन्याला नव्या आकड्यांवर काढायचे असतील तर स्क्रिप्ट सरस, यावर वाद नको. आकडे आत येताना आपोआप बदलतात हेही खरे: जनुकांची नावे एक्सेल तारखा समजत असे म्हणून मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये सेप्ट आणि मार्च या गटांतल्या जनुकांची नावेच बदलली. असे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

पण एका निबंधातल्या पाच आकृत्यांसाठी शिस्त पुरेशी असते. मूळ आकडे एका शीटवर ठेवा आणि तिला हात लावू नका. गणिते दुसऱ्या शीटवर, सूत्रांनीच. हाताने टाइप केलेला आकडा तिथे नको. प्रत्येक आकृतीला स्वतंत्र शीट, तिच्यात फक्त त्या आलेखात गेलेले कॉलम. सूत्रे सलग खालपर्यंत गेली आहेत का, हे फॉर्म्युलाज टॅबमधल्या "शो फॉर्म्युलाज"ने एकदा बघा. फिल्टर लावलेला असेल तर पीडीएफ करण्याआधी काढा: लपलेल्या ओळी एक्सेल आलेखातूनही गाळते, आणि बिंदू कमी झाल्याची कुठलीही सूचना देत नाही. "सिलेक्ट डेटा"मधल्या "हिडन अँड एम्प्टी सेल्स" या बटणामागे ते वर्तन बदलण्याची खूण आहे.