७ चकत्यांचा हनोईचा मनोरा: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. हनोईचा मनोरा म्हणजे तीन खुंट्यांचं कोडं: पहिल्या खुंटीवरचा चकत्यांचा मनोरा एका वेळी एकच चकती हलवत तिसऱ्या खुंटीवर न्यायचा, मोठी चकती लहान चकतीवर कधीच ठेवायची नाही. दोन तारे देऊन आपण लिहिलंय, की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे खेळूनही सगळा मनोरा तिसऱ्या खुंटीऐवजी मधल्या खुंटीवर गेला, २५५ ऐवजी १२७ चालींतच खेळ अडला आणि मधली खुंटी घट्ट आहे. दोन्ही तक्रारी बरोबर आहेत.

पहिली चूक आमचीच. आपल्या ७ चकत्यांच्या डब्यात ८ चकत्यांच्या संचाची पुस्तिका गेली. (फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८८३ मध्ये फ्रान्समध्ये आणलेला मूळ खेळ ८ चकत्यांचाच होता, आमचा मोठा संच तसाच आहे.) चकत्या सम असतील तर सर्वांत लहान चकती आधी मधल्या खुंटीवर जाते, विषम असतील तर थेट तिसऱ्या. आपण ७ चकत्यांना ८ ची सुरुवात दिलीत, म्हणून मनोरा मधल्या खुंटीवर उभा राहिला. १२८ वी चाल सर्वांत लहान चकती सोडून इतर एखाद्या चकतीची हवी होती, पण बाकी सगळ्या तिच्याखाली होत्या. म्हणजे आपण एकही चाल चुकला नाहीत. ७ चकत्यांना कमीत कमी १२७ चालीच लागतात.

आता असं करा. लहान चकती पहिल्या खुंटीवरून तिसऱ्या, तिथून दुसऱ्या, मग पहिल्या, पुन्हा तिसऱ्या, याच क्रमाने फिरवा. तिची पाळी एक सोडून एक. मधल्या प्रत्येक पाळीला उरलेल्या दोन खुंट्यांकडे पाहा: वरच्या चकत्यांपैकी लहान असेल ती दुसरीवर ठेवा, एक खुंटी रिकामी असेल तर तिच्यावर. यात पर्याय एकच असतो, विचार करावा लागत नाही.

६३ चालींनंतर थांबून बघा. सहा चकत्या मधल्या खुंटीवर, तिसरी रिकामी आणि सर्वांत मोठी एकटी पहिल्या खुंटीवर हवी. ती पूर्ण खेळात एकदाच हलते, ६४ व्या चालीला. सहा चकत्या तिसऱ्या खुंटीवर दिसल्या तर सुरुवातच उलटी झाली आहे. अधेमधे गोंधळ होत असेल तर लहानाकडून मोजत १, ३, ५, ७ क्रमांकांच्या चकत्यांच्या खालच्या बाजूला खडूची खूण करा. खुणेची चकती खुणेच्या चकतीवर थेट बसली, किंवा बिनखुणेची बिनखुणेच्या, तर एखादी चाल चुकली आहे. आम्हाला मोजत बसण्यापेक्षा ही खूण जास्त खात्रीची वाटते.

घट्ट खुंटीचं कारण पावसाळी हवा. लाकूड ओल शोषून फुगतं आणि चकतीच्या भोकातली मोकळी जागा कमी होते. खुंट्यांचा पाट आणि चकत्या दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, उन्हात नको, तडा जातो. मग खुंटीवर मेणबत्ती घासा. भोक कानशीने मोठं करू नका. चकती सैल होऊन तिरकी बसते. त्यानंतरही अडकली तर ऑर्डर क्रमांक कळवा, पाट बदलून देऊ. ७ चकत्यांची पुस्तिका आजच पाठवत आहोत.